स्वायत्त दुष्प्रतिक्षेप

स्वायत्त दुष्प्रतिक्षेप : मेरुरज्जूला सहाव्या वक्षीय खंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा झालेल्या व्यक्तीमध्ये, इजेच्या खालील शरीरभागात निर्माण झालेल्या एखाद्या उद्दीपनामुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र अनावरपणे उत्तेजित होते व रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत वाढतो. या अवस्थेला स्वायत्त दुष्प्रतिक्षेप म्हणतात. पाश्चात्त्य वैद्यकात ती ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ या नावाने ओळखली जाते. भरलेले मूत्राशय, आतड्यात साठलेला मळ किंवा पायाच्या बोटात रुतलेले नख यांसारखे अगदी क्षुल्लक कारणही ती उत्पन्न करण्यास पुरेसे असते. कारण वेळीच शोधून दूर केले, तर बहुधा काही मिनिटांतच रक्तदाब उतरतो. ते तसेच राहिल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू ओढवू शकतो. एवढ्या साध्या उपायाने टळणारी आणि तो न केल्यास एवढी घातक ठरणारी आकस्मिक अवस्था वैद्यकात क्वचितच आढळते. म्हणूनच तिची ओळख केवळ डॉक्टरांना असून भागत नाही. रुग्ण, त्याचे कुटुंबीय आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती या सर्वांना ती असणे आवश्यक असते.

इतिहास : मेरुरज्जूच्या इजेनंतर मूत्राशयात नळी घालताना रुग्णाच्या डोक्यावर व मानेवर लाली येऊन घाम सुटतो, असे निरीक्षण अँटनी बोल्बी या ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारदांनी १८९० मध्ये नोंदविले होते. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागलेल्या सैनिकांचा अभ्यास करून हेन्री हेड व जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्ये मूत्राशय भरण्याचा आणि शरीराच्या वरच्या भागात सुटणाऱ्या विलक्षण घामाचा संबंध विस्ताराने वर्णन केला. मात्र या सर्व प्रकारात रक्तदाबाचे काय होते, ही कळीची गोष्ट त्यानंतर तीस वर्षांनी उघड झाली. नाझी राजवटीतून निसटून १९३९ मध्ये इंग्‍लंडमध्ये आलेले तंत्रिकातज्ञ लूटव्हिख गुटमान यांच्याकडे १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील मेरुरज्जू-इजा विभाग सोपविण्यात आला. तेथे डेव्हिड व्हिटरिज यांच्यासमवेत त्यांनी रुग्णांचे मूत्राशय हळूहळू द्रवाने भरत नेऊन रक्तदाब, नाडी व त्वचेतील रक्तप्रवाह यांची मोजमापे घेतली. मूत्राशय ताणले जाताच रक्तदाब झपाट्याने चढतो, नाडी मंदावते आणि मूत्राशय रिकामे करताच सर्व पूर्ववत होते, हे त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. त्या काळापर्यंत अशा रुग्णांचे आयुष्य फार तर काही महिन्यांचे मानले जाई. मूत्रमार्गाची काळजी व शय्याव्रणांचा प्रतिबंध यांमुळे ते वर्षानुवर्षे जगू लागले आणि मग आयुष्यभर सोबत राहणाऱ्या या उपद्रवाकडे लक्ष जाणे अपरिहार्यच होते.

कारणमीमांसा : हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय, घर्मग्रंथी इत्यादींचे इच्छेविना चालणारे कार्य स्वायत्त तंत्रिका तंत्र सांभाळते. त्याचे अनुकंपी व परानुकंपी असे दोन विभाग आहेत [→ तंत्रिका तंत्र]. अनुकंपी विभागाचे तंतू मेरुरज्जूच्या पहिल्या वक्षीय खंडापासून दुसऱ्या कटी खंडापर्यंतच्या भागातून बाहेर पडतात. त्यांच्या उद्दीपनाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. परानुकंपी तंतूंपैकी काही मस्तिष्क तंत्रिकांमधून, तर उरलेले मेरुरज्जूच्या अगदी खालच्या त्रिक भागातून निघतात. हृदयाची गती कमी करणारी प्राणेशा तंत्रिका थेट मेंदूच्या लंबमज्जेतून निघत असल्यामुळे मेरुरज्जूला कितीही वर इजा झाली, तरी ती शाबूत राहते. पुढील सर्व घटनांचा उलगडा या एका शारीरीय योगायोगाने होतो.

निरोगी माणसाचे मूत्राशय भरले, की त्याची संवेदना मेरुरज्जूमार्गे मेंदूकडे जाते. वाटेत मेरुरज्जूतील अनुकंपी कोशिकाही काही प्रमाणात उद्दीपित होतात. परंतु मेंदूकडून येणारे निरोधक संदेश त्यांना लगोलग आवर घालतात. मेरुरज्जू खंडित झाला असता संवेदना इजेच्या जागेपाशीच अडते. रुग्णाला मूत्राशय भरल्याचे कळत नाही. पण इजेखालचा मेरुरज्जू जिवंत असतो, त्यातील प्रतिक्षेपी चाप अखंड असतात आणि आलेल्या उद्दीपनाला तो आपल्या परीने उत्तर देतच राहतो. वरून आवर घालणारे कोणी नसल्यामुळे हे उत्तर एका खंडापुरते न राहता साऱ्या अनुकंपी विभागात पसरते. इजेखालील रक्तवाहिन्या, विशेषतः जठर, आतडी, यकृत व प्लीहा यांना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या जोराने आकुंचन पावतात. शरीरातील रक्ताचा फार मोठा वाटा या उदरस्थ वाहिन्यांत सामावलेला असतो. तेथून तो बाहेर ढकलला गेला, की रक्तदाब चढतो.

वाढलेला दाब ग्रीवा रोहिणी व महारोहिणी यांच्या भित्तींमधील दाबग्राहींना जाणवतो आणि नवव्या व दहाव्या मस्तिष्क तंत्रिकांमधून ती वार्ता लंबमज्जेला पोहोचते. येथपर्यंत यंत्रणेत कोणताही बिघाड नसतो. मेंदू दोन उपाय योजतो. एक, प्राणेशा तंत्रिकेद्वारे हृदयाची गती कमी करणे. हा आदेश विनाअडथळा पोहोचतो व नाडी मंद होते. दुसरा, अनुकंपी तंत्राला थोपवून रक्तवाहिन्या सैल करणे. हा आदेश मेरुरज्जूतून खाली जायचा असल्याने इजेच्या जागेशी अडून राहतो. परिणामी इजेच्या वर वाहिन्या रुंदावलेल्या, त्वचा लाल, उष्ण आणि घामाने भिजलेली, तर खाली वाहिन्या आवळलेल्या, त्वचा फिकट, थंड आणि रोमांचित, असे एकाच शरीराचे जणू दोन तुकडे पडलेले दिसतात. हृदयाची गती कमी होऊनही उदरातील आकुंचनाची भरपाई होत नाही आणि मूळ उद्दीपन चालू असेतो रक्तदाब चढाच राहतो.

इजा सहाव्या वक्षीय खंडाच्या बरीच खाली असेल, तर उदरस्थ वाहिन्यांचे पुरेसे नियंत्रण मेंदूच्या हाती राहते व सहसा हा विकार होत नाही. सहावा खंड ही सीमा त्यामुळेच सांगितली जाते. तथापि ती काटेकोर रेषा नव्हे. आठव्या खंडापर्यंतच्या इजांमध्येही सौम्य प्रकार आढळले आहेत. मेरुरज्जू पूर्णपणे खंडित झालेल्यांमध्ये हा विकार अंशतः इजा झालेल्यांपेक्षा अधिक वारंवार व तीव्र असतो. पण थोडी संवेदना किंवा हालचाल शिल्लक आहे म्हणून रुग्ण सुरक्षित आहे, असे मानता येत नाही.

इजेनंतर लगेचच्या काळात, म्हणजे मेरुरज्जू-अवसादाच्या अवस्थेत, इजेखालील सर्व प्रतिक्षेप लुप्त झालेले असतात. ते परतू लागल्यावर, बहुधा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, पहिला झटका येतो. पहिल्या काही दिवसांतही झटके आल्याची उदाहरणे आहेत. काळ जाईल तसे इजेखालील मेरुरज्जूत संवेदी तंतूंना नवे फुटवे येतात आणि नॉरॲड्रेनॅलिनाला रक्तवाहिन्या अधिक तीव्रतेने प्रतिसाद देऊ लागतात. यामुळे विकार जुना होत जातो तसा निवळतोच असे नाही. संभाव्य रुग्णांपैकी निम्म्यापासून नव्वद टक्क्यांपर्यंत व्यक्तींना तो कधी ना कधी होतो, असे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे.

उद्दीपक कारणे : बहुसंख्य झटक्यांचे मूळ मूत्राशयात असते. मूत्राशय रिकामे करण्याची वेळ टळणे, कॅथेटरची नळी मांडीखाली दबणे किंवा तिला पीळ पडणे, तिच्यात गाळ वा गुठळी अडकणे, लघवी साठविण्याची पिशवी काठोकाठ भरणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्राशयातील अश्मरी, तसेच तपासणीसाठी मूत्राशयात नळी वा दुर्बीण घालणे ही त्यांतील नेहमीची कारणे होत. रात्री कूस बदलताना नळी दबते आणि पहाटे रुग्ण डोके फुटते आहे अशा तक्रारीने जागा होतो, हा अनुभव अनेक कुटुंबांना परिचित असतो. मूत्राशयाच्या खालोखाल क्रम गुदांत्राचा लागतो : बद्धकोष्ठता, कठीण मळाचा गोळा, बोटाने मळ काढण्याची क्रिया, बस्ती, मूळव्याध, गुदद्वाराची चीर.

त्वचेची कारणे वरवर पाहता नगण्य वाटतात आणि म्हणूनच निसटतात. शय्याव्रण, भाजणे, रुतलेले नख, घट्ट पट्टा किंवा बूट, पायमोज्याची आवळ किनार, चाकाच्या खुर्चीत अंगाखाली राहिलेली एखादी कठीण वस्तू, चुरगळलेल्या चादरीची वळी, यांपैकी काहीही पुरते. ज्या वेदनेने सामान्य माणूस पाय हलवतो, ती वेदना येथे जाणवतच नाही. तिची तक्रार शरीर रक्तदाबाच्या भाषेत करते. न कळलेला अस्थिभंग, पायाच्या नीलेत झालेली रक्ताची गुठळी, आंत्रपुच्छशोथ, पित्ताश्मरी आणि जठरव्रण हेही अशा रुग्णात प्रथम दुष्प्रतिक्षेपाच्या रूपानेच प्रकट होऊ शकतात. अशा वेळी रक्तदाब हे पोटातील गंभीर आजाराचे एकमेव चिन्ह असते. मासिक पाळी, समागम, वीर्यस्खलनासाठी वापरले जाणारे कंपनयंत्र, प्रसूतिवेदना यांचाही कारणांत समावेश होतो.

लक्षणे व निदान : ठणकणारी तीव्र डोकेदुखी हे सर्वांत ठळक लक्षण होय. त्याबरोबर चेहरा, मान व खांदे लाल होणे, इजेच्या पातळीवर भरपूर घाम सुटणे, नाक चोंदणे, दृष्टी अंधुक होणे किंवा डोळ्यांपुढे ठिपके दिसणे, अंगावर काटा येणे, छातीत आवळल्यासारखे वाटणे, बेचैनी व अनामिक भीती ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळतात. नाडी बहुधा मंद असते. क्वचित ती जलदही असते, तेव्हा तेवढ्यावरून निदान फेटाळू नये. सर्दी नसताना अकस्मात नाक चोंदणे हे लक्षण गुटमान यांनी विशेष महत्त्वाचे मानले होते. काही रुग्णांना कोणतेही लक्षण जाणवत नाही आणि केवळ मोजणीतच रक्तदाब वाढलेला सापडतो. हा मूक प्रकार मूत्राशयाच्या तपासणीच्या वेळी विशेषेकरून आढळतो.

रक्तदाबाचा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात न घेतल्यास घात होतो. मानेच्या पातळीवर इजा झालेल्या प्रौढाचा आकुंचनकालीन रक्तदाब एरवीच ९० ते ११० मिमी. एवढा कमी असतो. अशा व्यक्तीचा दाब १४० मिमी. झाला, तर सर्वसाधारण रुग्णालयातील डॉक्टरला त्यात काही वावगे दिसत नाही. प्रत्यक्षात तो त्या व्यक्तीच्या नेहमीच्या दाबाहून ३० ते ५० मिमी.नी चढलेला असतो. म्हणून निदानाचा निकष हा आकडा नसून वाढ हा आहे. प्रौढामध्ये नेहमीच्या आकुंचनकालीन दाबापेक्षा २० ते ४० मिमी. वाढ, तर मुलांमध्ये सुमारे १५ मिमी. वाढ ही दुष्प्रतिक्षेपाची निदर्शक मानतात. तीव्र झटक्यात दाब २५० मिमी.च्या पुढेही जातो. प्रत्येक रुग्णाला स्वतःचा नेहमीचा रक्तदाब तोंडपाठ असला पाहिजे, असा आग्रह यासाठीच धरला जातो. ‘मला डिसरिफ्लेक्सिया झाला आहे’ असे रुग्ण स्वतः सांगतो, तेव्हा पुष्कळदा तो खोलीतील सर्वांत जाणकार असतो. त्याचे म्हणणे बाजूला सारून डोकेदुखीवर वेदनाशामक गोळी देण्यात जी मिनिटे जातात, ती परत मिळत नाहीत.

दाब दीर्घकाळ चढा राहिल्यास मेंदूतील रक्तस्राव, आचके, जालपटलातील रक्तस्राव, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, हृद्‌स्नायूचा अभिकोथ, फुप्फुसशोफ हे परिणाम संभवतात.

तातडीचे उपचार : पहिली कृती औषधाची नसून स्थितीची असते. रुग्णाला ताबडतोब ताठ बसवावे, डोके उंच ठेवावे आणि शक्य असल्यास पाय खाली सोडावेत. मेरुरज्जूच्या इजेत उठून बसताच रक्तदाब एकदम उतरणे हा एरवी त्रासदायक दोष असतो; येथे तोच दोष कामी येतो, कारण बसल्यावर रक्त पायांत उतरते. घाबरलेले नातेवाईक रुग्णाला आडवे करून पाय उचलून धरतात. चक्कर आलेल्या माणसासाठी तो उपाय योग्य असला, तरी या अवस्थेत तो दाब आणखी वाढवितो. मात्र ज्याच्या पाठीचा कणा ताज्या इजेमुळे अजून अस्थिर आहे, अशा रुग्णाला सरळ बसविता येत नाही. त्याची संपूर्ण खाट डोक्याकडून उंच करावी लागते.

त्यानंतर पट्टा, पोटाला बांधलेला आधार, पायमोजे, बूट, लघवीच्या पिशवीचे पायाला बांधलेले पट्टे इ. सर्व आवळ वस्तू सैल कराव्यात. हे चालू असतानाच रक्तदाब मोजावा व पुढे दर दोन ते पाच मिनिटांनी तो मोजत राहावे. रुग्णाला एकटे सोडू नये.

मग कारणाचा शोध घ्यावयाचा आणि तो मूत्राशयापासून. कॅथेटर असल्यास पिशवीपासून शरीरापर्यंत नळी बोटांनी चाचपून पीळ, दाब वा अडथळा काढावा. पिशवी भरली असल्यास रिकामी करावी. तरीही लघवी येत नसेल, तर शरीराच्या तापमानाइतका कोमट असा १० ते १५ मिलि. निर्जंतुक द्रव हलक्या हाताने नळीतून सोडून पाहावा. थंड द्रव किंवा जास्त द्रव सोडल्यास आधीच ताणलेले मूत्राशय आणखी ताणते. तेवढ्याने नळी मोकळी न झाल्यास ती बदलावी. कॅथेटर नसलेल्या रुग्णात तो घालावा लागतो. परंतु तत्पूर्वी मूत्रमार्गात लिडोकेनयुक्त जेली सोडून सुमारे दोन मिनिटे थांबावे. कारण नळी घालणे हेही एक उद्दीपनच आहे आणि संवेदनाहारकाविना केलेला उपचार झटक्यात भर घालतो. पोटावर दाब देऊन किंवा थापट्या मारून लघवी काढण्याचा एरवीचा प्रघात या वेळी कटाक्षाने टाळावा. मूत्राशय फार भरलेले असेल, तर ते रिकामे होताच दाब झपाट्याने खाली येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मूत्राशयात दोष न आढळल्यास गुदांत्राकडे वळावे. येथे घाई घातक ठरते. आकुंचनकालीन दाब १५० मिमी. किंवा अधिक असल्यास प्रथम औषधाने तो खाली आणावा व मगच तपासणी करावी. हातमोजा घालून, लिडोकेन जेली गुदद्वारात लावून काही मिनिटे थांबल्यावर बोटाने मळ हळुवारपणे काढतात. त्या दरम्यान दाब चढू लागला, तर ताबडतोब थांबावे. येथेही कारण न सापडल्यास पाठ, माकडहाड, टाचा, वृषणे, पायाची नखे आणि अंथरूण अशी सर्व तपासणी करावी व शेवटी पोटातील आजार किंवा अस्थिभंग यांचा विचार करावा. या टप्प्यावर रुग्णालयाला पर्याय नसतो.

औषधे : कारण दूर करूनही किंवा कारण सापडत नसताना आकुंचनकालीन दाब १५० मिमी. किंवा त्याहून अधिक राहिल्यास त्वरित परिणाम करणारी, परंतु अल्पकाळ टिकणारी औषधे देतात. दीर्घकाळ टिकणारे औषध दिल्यास कारण दूर झाल्यानंतरही त्याचा परिणाम चालू राहून रक्तदाब नको तितका घसरतो. नायट्रोग्लिसरिनाचे २ टक्के मलम इजेच्या वरच्या भागातील त्वचेवर लावण्यात विशेष सोय आहे, कारण दाब उतरताच ते पुसून टाकता येते. निफेडिपिनाची १० मिग्रॅ.ची कुपी चावून गिळावयास देतात. ती जिभेखाली ठेवण्याची पूर्वीची रीत आता योग्य मानली जात नाही. कॅप्टोप्रिलही वापरतात. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतले असल्यास २४ तासांपर्यंत व टाडालाफिल घेतले असल्यास ४८ तासांपर्यंत नायट्रेट वर्गातील औषध देऊ नये. दोन्हींच्या संयोगाने रक्तदाब जीवघेण्या पातळीपर्यंत कोसळतो. असे औषध घेतल्याचे रुग्ण नातेवाइकांसमोर संकोचाने सांगत नाही, त्यामुळे हा प्रश्न एकांतात विचारणे इष्ट. औषधांची निवड व मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. झटका शमल्यावरही निदान दोन तास रक्तदाब मोजत राहतात, कारण औषधाचा परिणाम ओसरताच लपून राहिलेले कारण पुन्हा डोके वर काढू शकते.

अशा अवस्थेच्या उपचारांची एकसूत्री पद्धत अमेरिकेतील मेरुरज्जू-वैद्यकाच्या संयुक्त मंडळाने १९९७ मध्ये मार्गदर्शिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. २००१ व २०२० मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पूर्वी गुच्छिकांचा रोध करणारी औषधे व मेरुरज्जूतील शुद्धिहरण यांवर अधिक भर असे. आता रुग्णाची स्थिती बदलणे व कारण शोधणे यांना अग्रक्रम दिला जातो.

विशेष परिस्थिती : शस्त्रक्रियेच्या वेळी होणारी एक चूक टाळण्याजोगी असूनही वारंवार घडते. रुग्णाला खालच्या भागात काही जाणवत नाही, म्हणून नख काढणे, व्रणाची छाटणी किंवा मूत्राशयातील अश्मरी फोडणे यांसारख्या क्रिया भूल न देता केल्या जातात. वेदना जाणवत नसली, तरी मेरुरज्जूला ती पोहोचते व शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्तदाब भडकतो. अशा क्रियांसाठीही शुद्धिहरणतज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. मेरुरज्जूतील शुद्धिहरणाने प्रतिक्षेपी चापच खंडित होत असल्यामुळे ते चांगले संरक्षण देते.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक असतो. गर्भाशयाच्या संवेदना दहाव्या वक्षीय खंडाच्या आसपास मेरुरज्जूत शिरतात. इजा त्याच्या वर असेल, तर कळा जाणवत नाहीत. डोकेदुखी, घाम व चढता रक्तदाब हीच प्रसूती सुरू झाल्याची खूण असू शकते. गर्भाक्षेपकपूर्व अवस्थेतही रक्तदाब वाढत असल्याने दोहोंची गल्लत होते. दुष्प्रतिक्षेपात दाब प्रत्येक आकुंचनाबरोबर चढतो व मधल्या काळात उतरतो, या फरकाने ती ओळखता येतात. कळा सुरू होताच दृढावरणाबाहेरील शुद्धिहरण देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. मेरुरज्जूची इजा झालेल्या स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. मात्र प्रसूतिगृहाला या विकाराची पूर्वकल्पना असावी लागते.

लहान मुलांचा नेहमीचा रक्तदाब मुळातच कमी असतो व डोके दुखते असे ती नेमके सांगू शकत नाहीत. अकारण रडणे, चेहरा लाल होणे किंवा एकाएकी गप्प पडणे यावरूनच तर्क करावा लागतो.

खेळाडू व दुष्प्रतिक्षेप : गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे चाकाच्या खुर्चीतील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. पॅरालिंपिक क्रीडासामन्यांचा उगम तेथे मानतात. त्यांनीच अभ्यासलेला हा विकार पुढे याच सामन्यांत एका विचित्र रूपाने अवतरला. मानेच्या पातळीवर इजा झालेल्या खेळाडूच्या हृदयाची गती व रक्तदाब श्रमाच्या वेळी पुरेसे वाढत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी काही खेळाडू कॅथेटर मुद्दाम बंद ठेवून मूत्राशय फुगवीत, पायांचे पट्टे करकचून आवळीत किंवा शरीराच्या बधिर भागाला इजा करून घेत. चढलेल्या रक्तदाबाने त्यांची क्षमता वाढे. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने १९९४ मध्ये या प्रकारावर बंदी घातली. शर्यतीपूर्वी खेळाडूंचा रक्तदाब मोजण्यात येतो व तो धोकादायक आढळल्यास त्यांना स्पर्धेतून मागे घेतले जाते. उत्तेजक औषधाविरुद्ध जसा पुरावा मिळतो, तसा येथे मिळत नाही. फुगलेले मूत्राशय हेतूचे की निष्काळजीपणाचे, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही.

प्रतिबंध : मूत्राशय ठरावीक वेळी रिकामे करून त्यात एका वेळी ५०० मिलि.पेक्षा अधिक लघवी साठू न देणे, कॅथेटर वेळेवर बदलणे, शौचाची वेळ व आहार नियमित ठेवणे, दर थोड्या वेळाने कूस बदलणे, त्वचा व नखे रोज पाहणे हे प्रतिबंधाचे मुख्य मार्ग होत. झटके वारंवार येत असल्यास प्राझोसिन किंवा टेराझोसिन यांसारखी औषधे काही काळ देतात. अतिक्रियाशील मूत्राशयाच्या स्नायूत बोट्युलिनम विष टोचल्याने मूत्राशयाचे आकस्मिक आकुंचन कमी होऊन झटक्यांची संख्याही घटते. एकदा झटका येऊन गेला, की त्याचे कारण व वेळ लिहून ठेवावी. बहुतेक रुग्णांत तीच ती कारणे परतपरत येतात.

भारतात मेरुरज्जूच्या इजांची प्रमुख कारणे उंचावरून पडणे व रस्त्यावरील अपघात ही आहेत. झाडावरून, छपरावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेला तरुण काही आठवडे शहरातील रुग्णालयात काढून गावी परततो. त्यानंतरची सारी शुश्रूषा आई, पत्नी किंवा भाऊ यांच्याकडे येते. दीर्घकालीन पुनर्वसनाची सोय देणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. पुण्याजवळील खडकी येथे जखमी सैनिकांसाठी १९७४ पासून चालू असलेले अधरांगघात पुनर्वसन केंद्र आणि मुंबईत हाजीअली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली भौतिकी वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था या त्यांतील जुन्या संस्था होत. इतरत्र पहिला झटका घरातच येतो आणि गावातील डॉक्टरने असा रुग्ण पूर्वी पाहिलेला असण्याचा संभव कमी असतो. म्हणून रुग्णालयातून घरी पाठविण्यापूर्वी घरातील निदान दोन माणसांना कॅथेटर बदलणे, रक्तदाब मोजणे व रुग्णाला बसवून कारण शोधण्याचा क्रम प्रत्यक्ष करून दाखविणे आवश्यक असते. खुर्चीच्या पिशवीत जादा कॅथेटर, लिडोकेन जेली, हातमोजे, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध व रक्तदाबमापक यांची पुडी सतत असावी. तिच्यासोबत रुग्णाचे नाव, इजेची पातळी, त्याचा नेहमीचा रक्तदाब, पूर्वीच्या झटक्यांची कारणे आणि उपचारांचा क्रम असलेले एक कार्ड ठेवतात. ते मराठीबरोबर इंग्रजीतही लिहिलेले असावे, म्हणजे परगावच्या रुग्णालयात रात्री-अपरात्री ते कोणालाही वाचता येते.